भावोजींची गाडी का तापायची

उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, आणि विश्वातल्या कोणत्याही वस्तूची या नियमातून सुटका नाही. हे वाक्य मी वाशीच्या एका ज्युनिअर कॉलेजात एकतीस वर्षं म्हणत आलो. म्हणून झाल्यावर दरवेळी किंचित थांबायचो, म्हणजे पोरांवर परिणाम व्हावा. परिणाम झाल्याचं आठवत नाही. नियम मात्र खरा आहे. फक्त उष्णतेला बाहेर पडायला वाट लागते आणि त्या वाटेत कोणी उभं राहिलं तर नियमाचंही काही चालत नाही, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. तळवलीला, बहिणीच्या दारात, एका पिकअपच्या पुढ्यात उकिडवं बसून.

गाडी भावोजींची होती. पहाटे वाशीच्या बाजारातून भाजी उचलायची आणि उरणच्या कंटेनर यार्डांच्या कँटीनना पोचवायची, हे त्यांचं काम. एका सकाळी बाजारातच, कोबीच्या गोण्या चढवून झाल्यावर, ते गाडीच्या फाळक्याला टेकून बसले आणि पुन्हा उठले नाहीत. भाची तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. गाडी चालवायला भावोजींनीच तिला शिकवलं होतं, स्त्रीमुक्तीसाठी नव्हे, तर परतीच्या वाटेवर त्यांना झोप यायची म्हणून. दिवसकार्य झालं आणि त्याच आठवड्यात तिने किल्ली घेतली. कँटीनवाल्यांना भाजी वेळेवर मिळत होती, त्यामुळे त्यांनी दुःख व्यक्त करून विषय संपवला. गावाला तो इतक्यात संपवायचा नव्हता.

बहिणीचे मोठे दीर, म्हणजे भाचीचे मोठे काका, त्यांना हे पहिल्यापासून पसंत नव्हतं. वर्षभर गाडी नीट चालली म्हणून ते गप्प होते. मग ती तापायला लागली. एकदा पुलाच्या चढावर बंद पडली, एकदा जासईजवळ, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या गाडीमागे दोरीने बांधून गावात आली. गावात दोरीने बांधून येणाऱ्या गाडीला प्रेक्षक चांगले मिळतात.

"गारीला बाईचा हात मानवत नाय," मोठे दीर म्हणाले. "आठ दिस देतो. परत दोरीला बांधून आली तर रविवारी गिऱ्हाईक आनतो. मंग तू आपली नोकरी बघ, नायतर आमी पोरगा बघतो."

गाडी कागदोपत्री बहिणीच्या नावावर होती. पण दिरांचा शब्द त्या घरात कागदाच्या वर चाले. बहीण इतकंच म्हणाली, "ह्यांची गाडी हाय. माझ्या दारातून ती जानार नाय." हे ती मान खाली घालून म्हणाली, त्यामुळे ते ठाम आहे की नुसतं बोलणं आहे, हे कळायला मार्ग नव्हता.

भाचीने मला फोन केला. तीन मेकॅनिक झाले होते आणि तिघांनी तीन रोग सांगितले होते, तिघांनीही छातीवर हात ठेवून. तिसरा म्हणत होता इंजिनचं हेड उतरवावं लागेल, गाडी पंधरा दिवस सोडा.

"मामा, तुम्ही फिजिक्सचे ना?"

"इंजिन मेकॅनिकलवाल्यांचं. मी कधी बॉनेटसुद्धा उघडलेलं नाही."

"बॉनेट मी उघडते. उष्णता तर तुमचीच ना?"

मी बस धरली.

मी पोचलो तेव्हा पिकअप घरापुढे उभी होती. गावठाणातल्या इतर घरांसारखं बहिणीचं घरही आता चार मजली झालेलं, आणि अंगण म्हणजे दोन इमारतींच्या मधली एका गाडीपुरती जागा. गाडीचं तोंड दिसत नव्हतं. तोंडाच्या जागी भावोजी होते.

वर्षश्राद्धाला गावातल्या तरुण मंडळाने त्यांचा फलक करून आणला होता. पत्र्यावर ताणून बसवलेलं फ्लेक्स, कडेने लोखंडी पट्टी, एका हेडलाइटपासून दुसऱ्यापर्यंत रुंद, बॉनेटच्या कडेपासून बंपरपर्यंत उंच, चार बोल्टांनी पुढच्या जाळीवर आवळलेला. मधोमध भावोजी. फोटो कोणाच्या तरी हळदीतला होता. शेजारी नाचणारा माणूस कापून टाकला होता, पण त्याचा एक हात भावोजींच्या खांद्यावर राहून गेला होता. अंगात कम्प्युटरवर चढवलेला निळा कोट. जिवंतपणी त्यांनी कोट घातला नाही. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि खाली ओळीने हात जोडलेले अकरा शोकाकुल, सगळे पांढऱ्या शर्टात, सगळ्यांचे चेहरे नुकतीच बातमी कळल्यासारखे नव्हे तर नुकतीच दाढी केल्यासारखे. डावीकडून दुसरे मोठे दीर. अनावरणाला वॉर्डातून उभं राहण्याची इच्छा असलेले एक गृहस्थ दोन तास उशिरा आले आणि म्हणाले, "ही गाडी नाही, हे चालतंफिरतं स्मारक आहे." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

बहीण रोज पहाटे गाडी निघायच्या आधी ओलं फडकं घेऊन यायची. आधी नवऱ्याचा चेहरा पुसायची, मग कपाळाला गंध लावायची. शोकाकुलांच्या ओळीवरही उरलेल्या फडक्याचा एक हात फिरायचा. मग गाडी सुटायची.

पहिल्या दिवशी आम्ही इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडलं. थंड असतानाच का, हे मी भाचीला दाब आणि उत्कलनबिंदू यांच्या साहाय्याने समजावून सांगू लागलो. तिने बाही वर करून मनगटावरचा रुपयाएवढा पांढरट डाग दाखवला. मी थांबलो.

आतलं पाणी तपकिरी होतं. भावोजी रोज सकाळी देवळाच्या विहिरीतून बाटली भरून आणायचे आणि रेडिएटरला ते पाणी घालायचे. आधी देवाला, मग गाडीला. विहीर खाडीच्या कडेची, पाणी चवीला मचूळ. त्या तीर्थाने आत चांगला गंज धरला होता. मला वाटलं, सापडलं. आम्ही खालचा बोळा काढून सगळं वाहू दिलं, नळाला पाइप लावून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं, मग कूलंट भरलं, झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली आणि आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाईपर्यंत बघत बसलो. तासभर गाडी दारात चालू होती. काटा मध्यावर. बहिणीने चहा आणला. मी तो एका यशस्वी माणसासारखा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी मी भाचीबरोबर उरणला निघालो. पुलाच्या चढाला काटा वर सरकायला लागला, उतारावरही खाली आला नाही, आणि जासईच्या अलीकडे आम्हाला गाडी बाजूला घ्यावी लागली. दोन्ही बाजूंनी कंटेनर जात होते. मेथीवर ओली गोणपाटं टाकून आम्ही गाडी निवण्याची वाट बघत बसलो. पाऊण तासाने निघालो. कँटीनच्या मॅनेजरने घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं नाही.

"अजून एकदा उशीर केलास ना ताई, मग मी दुसरा बघणार," तो म्हणाला. "बाबा होते तेव्हा असं नव्हतं."

"बाबा होते तेव्हा तुम्ही त्यांनाही हेच बोलायचात," भाची म्हणाली आणि क्रेट उतरवू लागली.

तिसऱ्या दिवशी थर्मोस्टॅट काढला. इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी ही एक लहानशी झडप. ती अडकली तर पाणी फिरतच नाही. तिची परीक्षा घ्यायची रीत सोपी आहे. बहिणीच्या टोपात पाणी उकळत ठेवलं, झडप दोऱ्याला बांधून आत सोडली आणि तिघंही गॅसभोवती वाकून बसलो. झडप वेळेवर उघडली, बाहेर काढल्यावर वेळेवर मिटली. एकतीस वर्षांत माझा एकही प्रयोग इतका नीट झाला नव्हता.

"म्हंजे ही बरी हाय?" बहिणीने विचारलं.

"अगदी बरी."

"मग बिघडलं काय? आनि दादा, तो टोप आता बाजूला ठेव. दुधाचा होता."

चौथ्या दिवशी मी सर्वांत भीतीदायक गोष्ट तपासली. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या जोडातली पट्टी, उडालं असेल तर तेलात पाणी मिसळतं आणि तेलाच्या झाकणाला आतून साईसारखा थर येतो. थर नव्हता. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, तेही नव्हते. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, ताण ठीक होता. पंखा फिरत होता. गाडी दारात दीड तास चालवली, काटा मध्यावर. पाचव्या दिवशी रस्त्यावर नेली, पुलाच्या चढाला काटा वर.

मोठे दीर संध्याकाळी येऊन उभे राहायचे. "काय मास्तर, पास का नापास?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता फलकावर नजर टाकून, स्वतःच्या फोटोवरची धूळ अंगठ्याने पुसून जायचे.

सहाव्या दिवशी मी वहीत दोन रकाने आखले. दारात आणि रस्त्यावर. दारात तापत नाही, रस्त्यावर तापते. तीच गाडी, तेच पाणी, तोच पंखा. मग बदलतं काय? भार, वेग, ऊन असं लिहीत गेलो, आणि माझ्या डोक्यावर उघड्या बॉनेटची सावली पडली होती तिच्याकडे लक्ष गेलं. दारात आम्ही गाडी तपासायचो म्हणजे बॉनेट उघडून तपासायचो. रस्त्यावर ते मिटलेलं असायचं. आजाऱ्याची तपासणी करतानाच आम्ही त्याला बरं करत होतो.

मी बॉनेट मिटायला सांगितलं आणि गाडी दारातच, ॲक्सिलरेटर थोडा दाबून, चालू ठेवायला सांगितली. पंचवीस मिनिटांनी काटा हलला. चाळीस मिनिटांनी तो तिथे होता जिथे पुलावर जायचा.

मग मी वर्तमानपत्राचं एक पान घेतलं आणि गाडीच्या पुढे उभा राहिलो. रेडिएटरमागचा पंखा समोरून हवा ओढतो. जाळीपुढे कागद धरला तर तो ओढला जाऊन चिकटायला हवा. मी भावोजींच्या चेहऱ्यापुढे पान धरलं आणि सोडलं. ते सरळ खाली पडलं. उचलून पुन्हा धरलं, शोकाकुलांपुढे. पुन्हा पडलं. पंखा मागे जीव खाऊन फिरत होता आणि त्याला घोटभर हवा मिळत नव्हती. बॉनेट उघडं असलं की तेवढी वरून मिळायची.

भाचीने गाडी बंद केली. ती खाली उतरली नाही. खिडकीतून माझ्याकडे पाहत राहिली.

"कळलं?" तिने विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"फलक लागल्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून. तो लागला आणि गाडी तापायला लागली. मामा, मी रोज चालवते ती."

"मग हे पाणी, थर्मोस्टॅट, टोप... सहा दिवस माझी गंमत बघत होतीस?"

"गंमत नाही ओ. मी बोलले असते तर काय झालं असतं? पोरगी बापाचा फोटो काढायला निघाली. तुम्ही बोललात तर ते सायन्स." मग म्हणाली, "तुम्हाला लवकर कळेल असं वाटलं होतं."

मी वर्गात ज्या मुलांना मंद समजत असे त्यांच्यापैकी काहींची त्या क्षणी मनात माफी मागितली.

मोठे दीर दुपारी आले, बरोबर फलकावरचे दोन शोकाकुल. बहीण उंबऱ्याशी बसून मेथी निवडत होती. मी प्रयोग पुन्हा करून दाखवला. कागद पडला.

"कागूद परला," दीर म्हणाले. "त्यात माझ्या भावाचा काय दोष?"

"दोष कोणाचाच नाही. फलक हवा अडवतोय. तो मागे लावू, फाळक्याला."

"मागं? मेलेल्या मानसाला मागं टाकायचा?"

"मागच्या गाड्यांना दिसेल की."

"कोनाला, कंटेनरवाल्यांना? ते काय आमचे सोयरे हायत?"

"मग भोकं पाडू. हवेपुरती."

"कुठं पारनार?"

आम्ही सगळे फलकासमोर जाऊन उभे राहिलो. मधली जागा भावोजींची, तिथे प्रश्नच नव्हता. वर अक्षरं होती, त्यात श्रद्धांजलीला छिद्र पडलं असतं. राहिली खालची ओळ. दोघांपैकी एका शोकाकुलाने खाली वाकून आपली जागा शोधली आणि म्हणाला, "माझ्या इथं नको. टाकायचीच तर कडेला टाका." कडेला जो होता तो तिथे हजर नव्हता, पण त्याला फोन लागला, आणि त्याचीही तयारी नव्हती.

हे सगळं चालू असताना बहीण मेथीच निवडत होती. मग तिने मेथीची जुडी खाली ठेवली.

"दादा, खरं सांग. पुस्तकातलं नको. गाडी ह्याच्यानंच तापते?"

"हो."

"म्हंजे पोरगी रोज उकळत जायची, आनि मी हितं ह्यांचं तोंड पुसत बसायची."

तिने भाचीला पाना आणायला सांगितला. दीर "वयनी, जरा थांबा" म्हणाले. धाकट्या भावाच्या बायकोला ते लोकांसमोर वहिनी म्हणायचे, घरात नावाने. ती थांबली नाही. तीन बोल्ट तिने स्वतः सोडवले. चौथा गंजला होता, त्याला मला हातोडी लावावी लागली, आणि प्रत्येक घावाला फलकावर भावोजी थरथरत होते. तो निघाला तेव्हा मागे जाळीत कांद्याची सालं, पतंगांचे पंख आणि काळी धूळ गच्च बसलेली दिसली. भाचीने पाइपने आतून बाहेर पाणी मारून ती धुतली. फलक घरात नेताना दारातून मावेना. आडवा करून, भावोजींना कुशीवर घेऊन आत न्यावं लागलं.

शनिवारी आम्ही उरणला गेलो. मागे कांदे-बटाट्याचं पूर्ण ओझं होतं. पुलाच्या चढाला मी काट्याकडे बघत होतो आणि भाची रस्त्याकडे. काटा हलला नाही. पूल उतरल्यावर तिने एका कंटेनरला मागे टाकलं, ज्याची काही गरज नव्हती. कँटीनला आम्ही वेळेच्या आधी पोचलो. परतताना दुपारच्या उन्हात मुद्दाम न थांबता आलो. काटा मध्यावरच.

आठ दिवस संपले होते. गाडी दोरीला बांधून आली नव्हती. दिरांनी गिऱ्हाईक बोलावलं नव्हतं. रविवारी सकाळी मी मच्छी घेऊन जेवायला गेलो तेव्हा बहीण गाडीपुढे उभी होती. हातात ओलं फडकं होतं. समोर उघडी जाळी आणि तिच्यामागे रेडिएटर, घासून लख्ख.

"सवयीनं आली," ती म्हणाली.

"बरी चालतेय आता. पोरगी खूश आहे."

"व्हय." ती जाळीकडे बघत राहिली. "फोटो होता तवर कोनी विकायची गोष्ट काढली असती तर मी त्याच्या अंगावर गेली असती. मला वाटायचं, ह्यांना विकतायत." तिने फडकं पिळलं. "आता ही नुसती गाडी हाय, दादा. रोज पहाटं पोरगी हिच्यात बसून जाते आनि मी ती येईतवर दाराकडं बघत बसते. ह्यांचं काय झालं ते माहीत हाय ना तुला? फाळक्याला टेकून बसले फक्त."

मी तिला आकडे सांगितले, काटा सांगितला, कूलंट किती दिवस टिकतं तेही सांगितलं. ती ऐकत होती. माझे विद्यार्थी ऐकायचे तशी.

गिऱ्हाईक आणायला तिनेच दिरांना सांगितलं. भाचीने एकदाच विचारलं, "आई, नक्की?" आई हो म्हणाली. कागद आईच्या नावाचे होते, आणि भाचीने आईशी भांडण केलं नाही. मला ती इतकंच म्हणाली, "टेन्शन नका घेऊ मामा. गाडी तर नीट झाली ना." त्यानंतर बरेच दिवस तिने मला फोन केला नाही. आता ती तुर्भ्याच्या एका गोदामात टेबलापाशी बसून आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहिते.

घेणारा बर्फाचा धंदा करणारा होता. त्याने गाडी पुलापर्यंत नेऊन आणली, बॉनेट उघडलं, मिटलं, आणि त्याला काही बोलायला जागा मिळाली नाही. विक्रीच्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही झाली. ‘वाहनाची स्थिती’ या ओळीपुढे काय लिहायचं ते मोठ्या दिरांनी मला विचारलं, कारण मास्तरांना इंजिनातलं कळतं असं एव्हाना गावात झालं होतं. मी लिहिलं, ‘उत्तम. तापत नाही.’